पोकरमध्ये लिमिटला जिंकता आणि नो-लिमिटला रिकामे होता? आधी हे तपासा

लक्षणं

लिमिटच्या, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली असते त्या टेबलावर तुमचं बरं चाललेलं असतं. नो-लिमिटला, म्हणजे बेटला मर्यादा नसते तिथे बसलात की पहिला तासभर छोटे छोटे पॉट (मधे जमलेल्या चिपा) येतात आणि मग एकाच डावात समोरच्या सगळ्या चिपा जातात. एखाद्या वेळी झालं तर पानांचा दोष म्हणून सोडून द्या. दर दुसऱ्या बैठकीला होत असेल तर खाली जुळवून बघा.

- ज्या डावात वाट लागली त्यात तुमच्या हातात बहुतेक वेळा एकच जोडी होती. वरची जोडी (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जुळलेली), किकर म्हणजे सोबतचं पानही चांगलं.
- फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) तुम्ही बेट लावता, पण कोणी हलत नाही. तिघं-चौघं रिव्हरपर्यंत (पाचवं सामाईक पान) सोबत येतात आणि कोणाला तरी शेवटच्या पानावर लागतं.
- रिव्हरला मोठी बेट आली की मनात एकच वाक्य येतं: "इथवर आलोय, आता काय सोडायचं!"
- फ्लश (एकाच जातीची पाच पानं) लागला तर चार चिपा मिळतात. नाही लागला तर चाळीस गेलेल्या असतात.
- ब्लफ केला की कोणीतरी खांदे उडवत कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिपा घालतो.
- दोन-तीन वेळा असं झाल्यावर तुम्ही उलट टोकाला जाता. चांगलं पान आलं की फ्लॉपच्या आधीच ऑल-इन (सगळ्या चिपा मधे), सगळे फोल्ड (पानं टाकून मोकळे), आणि हातात येतात फक्त ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघायच्या आधी सक्तीने घातलेल्या चिपा.

यातली तीन जुळली तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

बिघाड कुठे असतो

ऐरोलीत आमचा शनिवारचा पत्त्यांचा अड्डा आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारे दोघं-तिघं, कोपरखैरणे-वाशीचे काही, बाकी आमच्याच सोसायटीतले. नवीन माणसाला आम्ही आधी लिमिट होल्डम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाला दोन पानं, टेबलावर पाच सामाईक) शिकवतो, कारण त्यात कोणी पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडत नाही आणि पॉट मोजायची सवय लागायला वेळ मिळतो. हात बसला की नो-लिमिट. टेबलाची वही माझ्याकडे असते. त्यामुळे या बदलाच्या वेळी कोणाचं काय बिघडतं ते इतक्या जणांचं बघून झालंय की आता माणूस पहिली बेट कशी सरकवतो यावरूनच कळतं. एक सांगून ठेवतो: आमच्या चिपांमागे पैसा नाही. हा नियम का, ते शेवटी येईलच.

लिमिटमध्ये बेट ठरलेली असते. १०-२० चा खेळ घ्या. ब्लाइंड ५ (स्मॉल) आणि १० (बिग), फ्लॉपआधी आणि फ्लॉपवर १०-१० ने वाढ, टर्न (चौथं सामाईक पान) आणि रिव्हरला २०-२० ने. एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेज (वाढी), त्यापुढे नाही. दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेल्यांना हे चटकन जमतं, कारण तिथेही चाल ठरलेल्या पटीतच येते. नो-लिमिटमध्ये समोर जे आहे ते सगळं, कुठल्याही क्षणी, मधे येऊ शकतं. लिमिट म्हणजे मीटरची रिक्षा: चुकीच्या गल्लीत शिरली तरी थोडे रुपये जास्त. नो-लिमिटमध्ये भाडं उतरताना समोरचा सांगतो.

आकड्यांत बघा. दोघंच खेळताहेत, फ्लॉपवर पॉट ४० चा आहे. लिमिटमध्ये तिन्ही फेऱ्यांत एकेक बेट आणि कॉल झाला तर प्रत्येकाचे १०, २०, २० म्हणजे ५० जातात आणि पॉट होतो १४०. नो-लिमिटमध्ये तिन्ही वेळा पॉटएवढी बेट आली तर ४०, मग १२०, मग ३६०. प्रत्येकाचे ५२० जातात, पॉट १०८०. फ्लॉपवरचा तो पहिला कॉल दोन्हीकडे तेवढाच सोपा वाटतो.

लिमिटवाला प्रत्येक वेळी "अजून एक बेट" मोजतो. नो-लिमिटला मोजायचं असतं ते या वाटेने शेवटपर्यंत गेलो तर किती जाईल. वरच्या जवळजवळ सगळ्या लक्षणांच्या मुळाशी ही एकच सवय सापडते. "मला ब्लफ जमत नाही", "तो फार नशीबवान आहे", "माझं काळीज लहान आहे" ही कारणं लोक सगळ्यात आधी सांगतात. मी ती सगळ्यात शेवटी तपासतो, आणि बहुतेकदा तिथवर जायची वेळच येत नाही.

पहिली तपासणी: टेबलाचे नियम माहीत आहेत का

फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते, तरी कोणी करत नाही.

लिमिटमध्ये रेजची रक्कम बोलावीच लागत नाही. नो-लिमिटमध्ये न बोलता मोठी चिप टाकली आणि समोर आधीच बेट असेल, तर तो कॉल धरतात, रेज नाही. समोर १० ची बेट आहे, तुम्ही १०० ची एकच चिप गप्प टाकली, तर तुमचे १० लागले आणि ९० परत. चांगल्या पानांवर हे झालं की माणूस चिडतो आणि पुढचे तीन डाव चिडूनच खेळतो. म्हणून आधी तोंडाने आकडा, मग चिपा.

किमान रेज म्हणजे आधीच्या रेजएवढी तरी वाढ. १० वरून कोणी ३० केले तर वाढ २० ची झाली, पुढचा कमीत कमी ५० करणार. आणि डावात फक्त टेबलावरच्या चिपा मोजतात. तुमच्याकडे २०० आणि समोरच्याकडे ९०० असतील तर तुमचे २०० च पणाला लागतात, उरलेल्यांचा हिशेब बाकीच्यांत वेगळ्या साइड पॉटमध्ये होतो.

दुसरी तपासणी: डावाआधी स्टॅक बघता का

पानं बघायच्या आधी नजर टेबलावर फिरवा. तुमच्या आणि समोरच्याच्या स्टॅकमधला (पुढ्यातल्या चिपांच्या ढिगातला) जो लहान, तेवढाच खेळ तुमच्या दोघांत आहे. लिमिटमध्ये याची गरज पडत नाही. समोर २०० असोत की २०००, बेट २० चीच येणार. म्हणून ही सवय लिमिटवाल्याला लागलेलीच नसते.

मग फ्लॉप पडला की एक भागाकार करा: उरलेला लहान स्टॅक भागिले पॉट. ९६० उरलेत आणि पॉट ४० आहे, म्हणजे २४. पॉट ८० आणि स्टॅक २४०, म्हणजे ३. उत्तर ३-४ च्या घरात असेल तर वरच्या जोडीवर सगळं मधे जाणं फारसं चुकीचं नाही. पॉटच्या मानाने धोका थोडा आहे. उत्तर १३ च्या वर असेल आणि तरीही सगळं मधे जात असेल, तर समोरच्याकडे एक जोडी असण्याची शक्यता कमीच. तिथे दोन जोड्या, सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तेच तिसरं पान) किंवा त्याहून मोठं काही हातात नसेल तर पॉट लहान ठेवा.

एवढ्या एका भागाकाराने आमच्याकडचे निम्मे रोगी बरे झालेत.

तिसरी तपासणी: बेट पॉटच्या मानाने लावता की सवयीने

इथे जरा वेळ काढून बसा, कारण बहुतेक बिघाड इथेच सापडतो.

आमच्याकडचा एक डाव सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, लिमिटला त्यांच्यासमोर बसणं म्हणजे शिक्षा. नो-लिमिटला आले तेव्हाचा हा डाव. ब्लाइंड ५-१०, सगळ्यांपुढे हजार-हजार. काकांकडे बदामचा एक्का आणि किलवरचा गुलाम. त्यांनी २० केले. बटन (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारा) आला, स्मॉल ब्लाइंड आला, आणि बिग ब्लाइंडवरच्या वहिनींना तर मधे ७० असताना फक्त १० घालायचे होते. त्याही आल्या. पॉट ८०.

फ्लॉप: इस्पिकचा गुलाम, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. काकांना वरची जोडी, वर एक्क्याचा किकर. काकांनी लावले १०.

दहा! नियमात बसतं, पण ती लिमिटची बेट आहे, हाताने आपोआप सरकवलेली. आता इस्पिकची दोन पानं धरून बसलेल्याला १० घालून ९० चा पॉट मिळतोय, म्हणजे ९ ला १ भाव. त्याला पुढच्या पानावर फ्लश लागण्याचे ४७ पैकी ९ मार्ग आहेत, म्हणजे विरोधात साधारण ४.२ ला १. भाव ९ चा आणि गरज ४.२ ची. त्याने फोल्ड केला तर तोच चुकला. काकांनी बेट लावून त्याला उलट मदत केली.

बटन आणि वहिनी आल्या, स्मॉल ब्लाइंड गेला. पॉट ११०. टर्न किलवरची दुर्री. काकांनी लावले २०, कारण लिमिटमध्ये टर्नला बेट दुप्पट होते! परत दोन्ही कॉल. पॉट १७०. रिव्हर इस्पिकची सत्ती. वहिनींनी शांतपणे १६० पुढे सरकवले.

काका विचार करून म्हणाले, "पॉट मोठा आहे, बघूनच घेऊ." वहिनींनी इस्पिकची राणी आणि छक्की उघडली.

आता तपासणी. फ्लॉपवर काकांनी ८० च्या पॉटमध्ये ६० लावले असते तर इस्पिकवाल्याला ६० घालून १४० मिळत होते, २.३ ला १. त्याला ४.२ हवेत. आता कॉल केला तर चूक त्याची, आणि तो चुकतो तेव्हा फायदा काकांचा. लिमिटमध्ये ही किल्ली तुमच्या हातातच नसते. तिथे ड्रॉवाल्याला (हात पूर्ण करणाऱ्या पानाची वाट बघणाऱ्याला) चुकीच्या भावात ढकलणं जवळजवळ अशक्य, म्हणून लिमिटवाला "येऊ देत, काय करणार" हे शिकून घेतो. नो-लिमिटला किंमत तुम्ही ठरवता, आणि ती न ठरवणं हाही एक निर्णय होतो.

दुरुस्ती सोपी आहे. फ्लॉपआधी रेज करताना बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट. आधीच कोणी नुसते आत आले असतील तर माणशी एक ब्लाइंड वाढवा. फ्लॉपनंतर प्रत्येक बेटआधी पॉट मनात म्हणा, "ऐंशी", आणि त्याचा अर्धा ते पाऊण भाग लावा. ड्रॉ जास्त दिसत असतील तर पाऊणच्या बाजूने, कोरडा फ्लॉप असेल तर अर्ध्याच्या बाजूने किंवा त्याहूनही कमी. पहिले काही दिवस पॉट चक्क पुटपुटत मोजा. टेबलावरचे हसतील, हसू देत.

आणि हात लपवण्यासाठी एकाच प्रसंगात एकच आकार ठेवा. चांगल्या पानांवर मोठी आणि हलक्या पानांवर छोटी बेट लावणारा माणूस आमच्याकडे तिसऱ्या शनिवारी वाचला जातो.

चौथी तपासणी: एका जोडीवर मोठा कॉल

वरचाच डाव पुढे नेऊ. रिव्हरचा काकांचा कॉल घ्या. लिमिटमध्ये वहिनींची बेट २० असती. काकांना २० घालून १९० मिळाले असते. दहातून एकदा जिंकले तरी कॉल योग्य. म्हणून लिमिटचा चांगला खेळाडू रिव्हरला सहसा सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे शेवटच्या क्षणी चुकून मोठा पॉट सोडणं ही खरी महाग चूक.

नो-लिमिटमध्ये काकांनी १६० घातले, मिळणार होते ३३०. साधारण ३३ टक्के वेळा, म्हणजे तिनातून एकदा तरी जिंकायला हवं. फ्लश पूर्ण झालाय, दश्शी-अठ्ठीचा स्ट्रेटही (ओळीने पाच पानं) झालाय, मागे बटन अजून बोलायचाय, आणि आतापर्यंत नुसतं कॉल करत आलेल्या वहिनींनी अचानक पॉटएवढी बेट लावलीये. तिनातून एकदा? नाही. काकांचे आधीच्या सगळ्या फेऱ्यांत मिळून ५० गेले होते, एका कॉलमध्ये १६० गेले. पानं तीच, पॉट तोच, आणि लिमिटमधलं बरोबर उत्तर इथे चुकीचं.

घरगुती टेबलासाठी माझा साधा नियम: कॉल-कॉल करत आलेला माणूस टर्न किंवा रिव्हरला अचानक मोठं रेज करतो तेव्हा त्याच्याकडे असतं. ब्लफ अधूनमधून असेल, पण त्याला पकडण्यासाठी एका जोडीवर शंभर ब्लाइंड घालायची गरज नाही. मुरलेल्या खेळाडूंच्या टेबलावर हा नियम चालत नाही, ते तुम्हाला याच भीतीवर खाऊन टाकतील. पण तुमची लक्षणं वरची असतील तर तुम्ही अजून त्या टेबलावर नाही आहात.

पाचवी तपासणी: ड्रॉवर किती घालता

लिमिटमध्ये ड्रॉ खेळायचा हिशेब बहुतेक वेळा पॉटच सांगतो. नो-लिमिटमध्ये पॉट अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली समोरच्याच्या स्टॅकमध्ये असते.

टर्नला पॉट १०० आणि समोरच्याने १०० लावले. तुमच्याकडे फ्लश ड्रॉ. ४६ पैकी ९ पानं, विरोधात ४.१ ला १. भाव मिळतोय २ ला १. पॉटवर बघितलं तर फोल्ड. पण फ्लश लागल्यावर समोरच्याकडून रिव्हरला सरासरी आणखी साधारण २१० निघणार असतील तर कॉल जमून जातो. समोरच्याकडे ८० च उरलेत? मग ते २१० येणार कुठून. ५०० उरलेत आणि माणूस न सोडणाऱ्यांतला आहे? मग घाला. "फ्लश लागला तर चार चिपा मिळतात" हे ज्याचं लक्षण आहे, तो नेहमी पहिल्या जागी कॉल करत असतो.

लिमिटची एक खास युक्ती मात्र इथे सरळ विसरावी लागते. फ्लॉपवर ड्रॉ असताना समोरच्या १० वर २० करायचे, तो घाबरून टर्नला चेक करतो, म्हणजे बेट लावत नाही, तुम्हीही चेक, आणि पुढचं पान फुकट. १० आणि २० असे ३० जाण्याऐवजी २० त काम होतं. लिमिटमध्ये सुंदर चाल. नो-लिमिटमध्ये तुम्ही २० केले की समोरचा ९० करतो, आणि ज्या ड्रॉचं पान तुम्हाला स्वस्तात बघायचं होतं तो टाकून द्यावा लागतो. जुने लिमिटवाले ही चाल सोडायला सगळ्यात जास्त वेळ लावतात, कारण तिच्यावर त्यांचं प्रेम असतं.

उलट बाजूला, हातात लहान जोडी असेल तर नो-लिमिट तुमच्या बाजूने आहे. फ्लॉपवर सेट साधारण १२ टक्के वेळा लागतो, म्हणजे साडेआठांतून एकदा. ३० चा कॉल करताना समोरच्याकडे किमान ४५० असावेत, कारण सेट लागूनही दर वेळी पैसे वसूल होत नाहीत. लिमिटमध्ये रेज न होता एका माणसाकडून फ्लॉपनंतर ५० च निघतात, म्हणून तिथे पंजी-पंजीसारखी लहान जोडी गर्दीशिवाय पोसत नाही.

सहावी तपासणी: सुरुवातीची पानं आणि जागा

राजा-गुलाम, राणी-दश्शी, एक्का-नव्वी, तेही वेगवेगळ्या जातीचे. लिमिटमध्ये ही रोजीरोटी. मोठी पानं, मोठी जोडी लागते, चार बेटी मिळतात. नो-लिमिटमध्ये हीच पानं कारस्थान करतात: राजाची जोडी लागली आणि समोरच्याकडे एक्का-राजा असला की लिमिटला दोन-तीन बेटी जातात, इथे स्टॅक जातो. लवकर बोलायच्या जागेवरून ही पानं टाकायला शिका. मागच्या जागेवरून, कोणी रेज केलेलं नसताना, जरूर खेळा. लहान जोड्या आणि एकाच जातीची लगतची पानं, उदाहरणार्थ बदामची अठ्ठी-सत्ती, यांचा भाव वाढतो, पण स्टॅक खोल असतील तरच. स्पर्धेत ब्लाइंड वाढत जाऊन तुमच्यापुढे वीस ब्लाइंड उरले की गणित परत फिरतं आणि मोठी पानं राजा होतात.

शेवटी बोलणं लिमिटलाही चांगलं आणि इथेही. फक्त इथे त्याचा फायदा प्रत्येक फेरीला वाढत जातो.

सातवी तपासणी: ब्लफ

इथे आलात म्हणजे बाकी सगळं ठीक असावं. नसेल तर परत वर जा.

लिमिटमध्ये १७० च्या पॉटमध्ये २० चा ब्लफ दहातून साधारण एकदा चालला तरी पुरतो, म्हणून तो सहसा चालतही नाही. समोरच्यालाही तोच स्वस्त भाव मिळतो. नो-लिमिटमध्ये पॉटच्या अर्ध्या बेटचा ब्लफ तिनातून एकदा चालायला हवा, पॉटएवढा दोनातून एकदा. बदल्यात समोरच्याला खरंच विचार करायला लागतो. लिमिटवाल्याचा ब्लफ फसतो तो छोट्या आकारामुळे आणि चुकीच्या माणसामुळे. न सोडणाऱ्या माणसावर ब्लफ करू नका, त्याला चांगल्या पानांवर भरपूर बिल द्या. आणि फ्लॉपपासून तुमची गोष्ट एकसारखी असू द्या. टर्नला चेक करून रिव्हरला अचानक जागे झालात तर आमच्या टेबलावरचा शाळकरी पोरगाही कॉल करील.

फ्लॉपआधी ऑल-इन करत सुटलेल्यांची दुरुस्ती याच खात्यात येते. हजारच्या स्टॅकवर १५ च्या ब्लाइंडसाठी ऑल-इन केलं की कॉल करणार तो फक्त तुमच्याहून भारी पानंवाला.

शेवटची तपासणी: वही

सगळ्यात कष्टाची. डाव संपल्यावर पाच ओळी लिहा: ब्लाइंड, दोघांचे स्टॅक, तुमची पानं, प्रत्येक फेरीला पॉट किती होता आणि कोणी किती लावले, शेवटी काय उघडलं. "माझा एक्का-गुलाम हरला" ही नोंद निरुपयोगी आहे; पॉट आणि बेट नसेल तर चूक सापडत नाही. फक्त हरलेले डाव लिहू नका, मोठे जिंकलेलेही लिहा. काही चुका जिंकून देतात आणि त्याच सगळ्यात चिकट.

हे कष्ट का, तर नो-लिमिट खरंच फार मोठा खेळ आहे. दोघांच्या लिमिट होल्डममध्ये निर्णयाच्या जागा दहाच्या १४ व्या घाताच्या घरात आहेत, आणि २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी तो खेळ संगणकावर जवळजवळ पूर्ण सोडवला. दोघांच्या नो-लिमिटमध्ये तो आकडा दहाच्या १६० व्या घाताच्या आसपास जातो. तिथे २०१७ मध्ये लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना हरवलं, पण खेळ सुटला असं कोणी म्हटलं नाही. लिमिटमध्ये पाठ केलेल्या तक्त्यावर बरंच निभावतं, इथे प्रत्येक डाव वेगळा मोजावा लागतो.

थांबायचं कधी, कोणाला विचारायचं

दुसऱ्यांदा स्टॅक गेला आणि "आता याला दाखवतोच" असं वाटायला लागलं की त्या रात्रीपुरतं उठा. चहा करा, पानं वाटा, पण खेळू नका. रागात वरची एकही तपासणी चालत नाही.

वहीत वीसेक मोठे डाव जमले, स्वतः तपासले आणि तरी गळती सापडत नाही, तर आणखी स्वतःच खोदत बसू नका. ज्याचा नो-लिमिटचा खेळ तुमच्याहून स्पष्ट चांगला आहे अशा माणसासमोर वही ठेवा, आणि शेवटी कोण जिंकलं ते झाकून ठेवा. निकाल दिसला की सल्ला बिघडतो.

पैशाचं टेबल असेल तर मी या बिघाडाला हातच लावत नाही. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा १८८७ चा कायदा अजून लागू आहे, आणि पोकर कौशल्याचा की नशिबाचा हा वाद तुमच्या दिवाणखान्यात सुटणार नाही. ऑनलाइनचं तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने स्पष्ट केलंय: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी आहे. त्यामुळे "सरावासाठी एखादं ॲप सांगा ना, थोडेच पैसे लावतो" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुठल्या खोलीत कोणी पॉटमधून कमिशन कापत असेल तर तिथे बसू नका. आधीच अडकला असाल तर वकिलाला विचारा, पत्त्यातल्या मित्राला नको.

आणि हे पुढचं दिसलं तर खेळाची तपासणी तिथेच बंद करा: गेलेले पैसे भरून काढायला परत बसणं, त्यासाठी उधारी, घरी खोटं बोलणं, ठरवूनही न उठता येणं. याला बेटचा आकार बदलून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, फुकट चालते, मराठीतही बोलता येतं. खेळणारा तयार नसेल तर घरच्यांनी आधी फोन केला तरी चालतो.